बर्मिंगहॅमची शतकोत्तर तालीम : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागील अंकातील एका उत्तरात आम्ही इंग्लंडमधील ‘बर्चफिल्ड हॅरियर्स’ या धावपटूंच्या क्लबाचा उल्लेख ‘बर्मिंगहॅमची तालीम’ असा केला होता. त्या दोन शब्दांवर अनपेक्षितपणे बरीच पत्रे आली. काहींना ही तुलना आवडली, तर काहींनी तालीम या शब्दावरील आपला हक्क ठासून सांगितला, आणि कोल्हापुरात तसे होणे साहजिकच होते. निवडक पत्रे व त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : सादर नमस्कार. माझा मुलगा नोकरीनिमित्त बर्मिंगहॅम येथे स्थायिक झाला आहे. माझा नातू वर्षभरापासून आपण उल्लेखिलेल्या क्लबातच धावण्याच्या सरावास जातो. क्लबाच्या चिन्हावर धावणारे हरीण आहे. ‘हॅरियर्स’ म्हणजे काय, असे मी त्याला फोनवर विचारले, तेव्हा ‘आजी, ते नुसते नाव आहे’ असे उत्तर मिळाले. हा क्लब किती जुना आहे व त्याच्या नावाचा अर्थ काय, हे कृपया सांगावे.
— एक निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठ

उत्तर : नाव नुसते नाही, त्यामागे एक खेळ आहे. ‘हॅरियर’ ही सशाच्या शिकारीसाठी पाळलेल्या कुत्र्यांची एक जात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील श्रूजबरी येथील शाळेतली मुले या शिकारीची नक्कल करीत असत. एकदोन मुले ‘ससे’ होऊन कागदाचे कपटे टाकीत शेते, ओढे आणि कुंपणे ओलांडत पुढे पळत, आणि बाकीची मुले ‘कुत्री’ होऊन त्या कपट्यांचा माग काढत त्यांच्या पाठीमागे धावत. पोरखेळ म्हणून सुरू झालेला हा प्रकार पुढे मोठ्या माणसांनी उचलला, त्यातून क्रॉसकंट्री शर्यत जन्मास आली, आणि अशा शर्यती धावणाऱ्या मंडळींनी आपल्या क्लबांना ‘हॅरियर्स’ म्हणवून घेतले. इंग्लंडमध्ये या नावाचे क्लब आजही अनेक आहेत. तुमच्या नातवाच्या क्लबाने मात्र चिन्ह म्हणून कुत्रा न घेता हरीण घेतले. ‘चपळ आणि मुक्त’ अशा अर्थाचे त्यांचे ब्रीद आहे आणि ते हरणालाच अधिक शोभते.

क्लबाची स्थापना 1877 सालची. बर्चफिल्ड हा बर्मिंगहॅमच्या उत्तर भागातील पेरी बारलगतचा परिसर, म्हणजे आपल्या भाषेत एक पेठच. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, की त्या वर्षी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव, म्हणजेच पुढचे राजर्षी शाहू महाराज, अवघे तीन वर्षांचे होते आणि खासबाग मैदान बांधले जाण्यास अजून पस्तीस वर्षे अवकाश होता.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये कोणी धावावे यावरही बंधने होती. 1866 साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या उच्चभ्रूंच्या अ‍ॅथलेटिक क्लबाने कारागीर, यंत्रकामगार आणि मजूर यांना हौशी खेळाडू मानण्यास नियमानेच नकार दिला होता. 1880 साली ऑक्सफर्ड येथे राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हा ही अट गळून पडली. बर्मिंगहॅम हे तर कारखान्यांचे शहर. अशा शहरातील हॅरियर्स क्लबांना त्यामुळे मोकळा श्वास घेता आला, असे आमचे मत आहे. 1880 सालीच बर्चफिल्डने इंग्लंडची राष्ट्रीय क्रॉसकंट्री सांघिक स्पर्धा जिंकली, आणि पुढील काळात ते विजेतेपद या क्लबाने कितीतरी वेळा मिळवले.

स्वतःचे मैदान मात्र 1929 पर्यंत नव्हते. त्या वर्षी पेरी बार येथे अलेक्झांडर स्पोर्ट्‌स ग्राउंड उभे राहिले. ते नाव कोणा सरदाराचे वा देणगीदाराचे नाही. वर्षानुवर्षे क्लबाचा कारभार वाहिलेल्या डब्ल्यू. डब्ल्यू. अलेक्झांडर या पदाधिकाऱ्याचे ते नाव आहे. वर्गणी गोळा करणे, पत्रे लिहिणे, शर्यतीच्या वेळा टिपून ठेवणे अशी कामे करणाऱ्या माणसाचे नाव मैदानाला मिळावे, ही गोष्ट आम्हाला पदकांच्या यादीपेक्षा अधिक बोलकी वाटते. 1976 मध्ये क्लब जवळच्याच पेरी पार्कमधील नव्या स्टेडियमवर गेला, तेव्हा अलेक्झांडर हे नावही सोबत गेले. जुन्या मैदानावर पुढे ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती भरू लागल्या. शिकारी कुत्र्यांच्या नावाच्या क्लबाची जागा अखेर खऱ्या कुत्र्यांकडे गेली, हे नातवाला जरूर सांगा. त्याला गंमत वाटेल.

प्रश्न : रॉजर बॅनिस्टर यांनी चार मिनिटांच्या आत एक मैल धावून विक्रम केला, हे आम्हाला सामान्यज्ञानाच्या पुस्तकात होते. स्त्रियांमध्ये पाच मिनिटांची मर्यादा प्रथम कोणी मोडली, हे मात्र कोठेच आढळले नाही. मी स्वतः मध्यम पल्ल्याच्या शर्यती धावते, म्हणून विचारते.
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे उत्तर याच क्लबात आहे. तिचे नाव डायेन लेदर.

बॅनिस्टर यांनी 6 मे 1954 रोजी ऑक्सफर्ड येथे 3 मिनिटे 59.4 सेकंदांत मैल पूर्ण केला. त्यानंतर बरोबर तेवीस दिवसांनी, 29 मे 1954 रोजी, पेरी बारच्या त्याच अलेक्झांडर मैदानावर मिडलंड्‌स विभागाच्या महिला स्पर्धेत लेदर 4 मिनिटे 59.6 सेकंदांत एक मैल धावली. ती तेव्हा एकवीस वर्षांची होती, बर्मिंगहॅम विद्यापीठात रासायनिक पृथक्करणाचे काम करीत होती आणि नोकरी सांभाळून संध्याकाळी सराव करीत होती. तीनच दिवसांपूर्वी तिने 5 मिनिटे 0.2 सेकंद अशी वेळ नोंदवली होती. धावणाऱ्या मुलीला हे निराळे समजावून सांगायला नको, की इतक्या थोडक्यात हुकलेली शर्यत मनातून जात नाही आणि तीन दिवसांत पायही पुरते मोकळे होत नाहीत.

तिच्या धावण्याची सुरुवात आणखी लक्षात ठेवण्याजोगी आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकची दृश्ये पाहून तिला या खेळाची ओढ लागली आणि ती बर्चफिल्डमध्ये दाखल झाली. तेथे डोरेट नेल्सन नील या प्रशिक्षिकेने तिला घडवले. ज्या हेलसिंकीत आपल्या राजाराम महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी खाशाबा जाधव यांनी कुस्तीतील कांस्यपदक मिळवले, तीच ही स्पर्धा. त्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी सर्वांत लांब धावण्याची शर्यत किती अंतराची होती, ठाऊक आहे? 200 मीटर. 1928 साली ॲम्स्टरडॅम येथे स्त्रियांची 800 मीटर शर्यत झाली होती, परंतु शर्यतीनंतर काही धावपटू मैदानावर आडव्या झाल्या, वृत्तपत्रांनी त्याचे अतिरंजित वर्णन केले, आणि स्त्रियांच्या प्रकृतीला हे झेपणारे नाही असा निष्कर्ष पुरुषांनी काढून ती शर्यतच बंद केली. ती पुन्हा सुरू होण्यास 1960 साल उजाडले. पुरुष धावपटूही शर्यतीनंतर आडवे होतात, त्यावरून त्यांच्या शर्यती बंद झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

या पार्श्वभूमीवर लेदरची धाव पाहावी. आंतरराष्ट्रीय संघटना त्या वेळी स्त्रियांच्या मैलाची विक्रम म्हणून नोंदच घेत नव्हती. ती 1967 पासून घेऊ लागली. त्यामुळे लेदरची वेळ ‘जागतिक विक्रम’ न ठरता ‘जगातील सर्वोत्तम वेळ’ एवढीच राहिली, आणि तुमच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात बॅनिस्टर आले व ती आली नाही, त्याचे एक कारण हेच. तिने मात्र स्वतःची वेळ कमी करणे चालू ठेवले व सप्टेंबर 1955 मध्ये ती 4 मिनिटे 45 सेकंदांपर्यंत आणली. 1954 आणि 1958 अशा दोन्ही युरोपीय स्पर्धांत 800 मीटरचे रौप्यपदक तिला मिळाले. 1960 मध्ये रोम ऑलिंपिकमध्ये ही शर्यत परत आली तेव्हा तीही उतरली, पण तिचा भर ओसरला होता आणि ती प्राथमिक फेरीच्या पुढे जाऊ शकली नाही. 1500 मीटर ही तिच्या पिंडाला खरी मानवणारी शर्यत स्त्रियांसाठी ऑलिंपिकमध्ये आली ती 1972 साली. 2018 मध्ये तिचे निधन झाले. आज स्त्रियांच्या मैलाचा विक्रम केनियाच्या फेथ किपयेगॉन हिच्या नावावर असून तो 4 मिनिटे 7.64 सेकंद इतका आहे.

प्रश्न : आपण धावण्याच्या क्लबाला तालीम म्हटलेत, याबद्दल थोडी नाराजी कळवतो. तालमीत एक वस्ताद असतो, एक आखाडा असतो, आणि मल्लाची कुस्ती ही त्याची एकट्याची असली तरी मागे सारी पेठ उभी असते. धावणे हा तर निव्वळ एकट्याचा खेळ. जो पहिला आला तो जिंकला. तेथे क्लबाचा संबंध येतोच कोठे?
— एक वृद्ध कुस्तीशौकीन, शिवाजी पेठ

उत्तर : आपली नाराजी शिरसावंद्य. परंतु क्रॉसकंट्रीचा हिशेब पाहिल्यावर आपले मत कदाचित बदलेल.

इंग्लंडच्या राष्ट्रीय क्रॉसकंट्री स्पर्धेत पुरुषांच्या गटात प्रत्येक क्लबाच्या पहिल्या सहा धावपटूंचे क्रमांक धरले जातात आणि त्यांची बेरीज करतात. ज्या क्लबाची बेरीज सर्वांत कमी, तो क्लब विजेता. आता समजा, एका क्लबाचे तीन धावपटू पहिले, दुसरे आणि तिसरे आले, परंतु उरलेले तिघे चाळिसावे, साठावे आणि नव्वदावे आले. बेरीज झाली 196. दुसऱ्या क्लबाचा एकही गडी पहिल्या एकोणिसात नाही, पण त्याचे सहा जण विसावा, बाविसावा, पंचविसावा, अठ्ठाविसावा, एकतिसावा आणि तेहतिसावा असे आले. त्यांची बेरीज 159. ढाल दुसऱ्या क्लबाकडे जाते. पदके गळ्यात घालून उभे असलेले पहिले तिघे ते पाहत राहतात.

म्हणून या क्लबांत सहाव्या गड्याला मोठा मान असतो. चिखलात, थंडीत, शेकडो लोकांच्या गर्दीत तो तेहतिसावा येण्यासाठी छाती फुटेस्तोवर धावतो. तो चौतिसावा आला तर बेरीज एकाने वाढते आणि त्या एकानेही स्पर्धा हातची जाऊ शकते. त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येत नाही. एका क्लबाला दोन विश्वविजेते मिळणे हा नशिबाचा भाग असेल, पण सहावा गडी चांगला निघणे हा रोजच्या सरावाचा, म्हणजेच वस्तादाचा भाग आहे. तालीम हा शब्द आम्ही वापरला तो यासाठी.

तरीही एक फरक मान्य करायला हवा. आपल्या तालमीत मल्ल राहतो, खुराक तेथेच होतो, पहाटेची मेहनतही तेथेच होते. तेथील क्लबात सदस्य घरून येतो, सराव करतो आणि घरी जातो. सहवासातून येणारी जी आपुलकी आपल्या मल्लांना माहीत आहे, तिची सर आठवड्यातून दोनतीन संध्याकाळी भेटून कितपत येते, हा प्रश्न आपण विचारलात तर आम्ही निरुत्तर होऊ.

प्रश्न : या क्लबाचे आणखी कोणते खेळाडू नामवंत झाले?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : अनेक झाले. थोडक्यांचीच नावे सांगतो. पीटर रॅडफर्ड लहानपणी मूत्रपिंडाच्या विकारामुळे काही वर्षे चाकांच्या खुर्चीत होता. त्याच मुलाने मे 1960 मध्ये 220 यार्ड 20.5 सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला आणि त्याच वर्षी रोम ऑलिंपिकमध्ये 100 मीटरचे कांस्यपदक मिळवले. पुढे तो क्रीडाविज्ञानाचा प्राध्यापक झाला. स्ट्युअर्ट कुटुंबातील इयान, पीटर आणि मेरी ही तिन्ही भावंडे बर्चफिल्डची, आणि तिघांनीही आपापल्या वेळी युरोपीय इनडोअर विजेतेपद मिळवले. त्यांतील इयानने 1970 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 5000 मीटरचे सुवर्ण जिंकले. त्या शर्यतीत केनियाचा ऑलिंपिक विजेता किप केनो तिसरा आला होता, यावरून तिचा दर्जा कळावा. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये इयानला याच अंतराचे कांस्यपदक मिळाले. डेनिस लुइसने सिडनी येथे 2000 साली सात प्रकारांच्या हेप्टॅथलॉनमध्ये सुवर्णपदक मिळवले. मार्क लुइस-फ्रान्सिस 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या 4 गुणिले 100 मीटर रिलेचा शेवटचा टप्पा धावला, आणि ब्रिटनने अमेरिकेला सेकंदाच्या शंभराव्या भागाने मागे टाकले.

मराठी वाचकांना या मैदानाची आठवण राहावी असे आणखी एक कारण आहे. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील मैदानी खेळ याच अलेक्झांडर स्टेडियमवर झाले. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे तेथे 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे व पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याची शर्यत, 8 मिनिटे 11.20 सेकंदांत धावला आणि राष्ट्रीय विक्रमासह रौप्यपदक घेऊन आला. सुवर्ण त्याच्यापासून सेकंदाच्या अवघ्या पाच शतांशाने दूर राहिले. 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाच्याच धावपटूंकडे जात होती. तो पहारा एका मराठी फौजीने मोडला.

प्रश्न : आमच्या तालमीचा फुटबॉल संघ आहे, गणेशोत्सव असतो, पूर्वी कुस्तीही होती. काही तरुण मुलांना धावण्याचा वर्ग सुरू करावयाचा आहे. परदेशातील क्लब दीडशे वर्षे टिकतो तो पैशाच्या बळावर, असे आमच्या कार्यकारिणीतील ज्येष्ठांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?
— एका तालीम मंडळाचा कार्यकर्ता

उत्तर : ज्येष्ठांचा मान ठेवून असहमती नोंदवतो. अशा क्लबांचा पाया सदस्यांच्या वार्षिक वर्गणीवर असतो, आणि वेळ टिपणारे, शर्यतीचा मार्ग आखणारे, मुलांना शिकवणारे बहुतेक लोक विनामूल्य काम करतात. त्यांतील कित्येक जण स्वतः कधीकाळी तेथेच धावलेले असतात, किंवा धावणाऱ्या मुलांचे आईवडील असतात. आपल्याकडे दातृत्व कमी नाही. 1952 साली खाशाबांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट कोल्हापुरात लहान मुलालाही ठाऊक आहे. परंतु एका खेळाडूसाठी एका सज्जनाला घर गहाण टाकावे लागले, यात त्यांचा मोठेपणा जितका दिसतो, तितकीच संस्थेची उणीवही दिसते. शंभर जणांनी दर वर्षी थोडे थोडे दिले असते, तर ती वेळ कदाचित आली नसती.

तुमच्या तालमीकडे जागा आहे, नाव आहे, पेठेतील पोरे आहेत आणि फुटबॉलच्या निमित्ताने दुसऱ्या तालमीशी चुरसही आहे. चुरस तर आपल्याकडे जरा जास्तच आहे. आमची सूचना एवढीच, की पहिल्या वर्षी पदकाच्या मागे लागू नका. एक जाड वही घ्या आणि प्रत्येक मुलाची दर महिन्याची वेळ तारखेसह त्यात लिहा, शेवटी येणाऱ्याचीसुद्धा. आणि जमल्यास दोनतीन तालमी मिळून पावसाळ्यानंतर माळावर एक शर्यत भरवा व तिचा निकाल सहा जणांच्या बेरजेने लावा. पेठेपेठेतील मुले मग एकटी धावणार नाहीत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. मुलांना एक मैल पळवून वेळ पाहावी असे वाटते, पण आमचे मैदान मीटरमध्ये आखलेले आहे. सुरुवात कोठून करावी?
— एक शिक्षक, करवीर तालुका

उत्तर : एक मैल म्हणजे 1609.34 मीटर. मैदानाची फेरी 400 मीटरची असेल तर चार पूर्ण फेऱ्यांचे 1600 मीटर होतात व 9.34 मीटर उरतात. म्हणून समाप्तीच्या रेषेपासून मागे, म्हणजे धावण्याच्या उलट दिशेने, 9.34 मीटर अंतर आतल्या कडेने टेपने मोजून तेथे फक्कीची दुसरी रेषा मारावी. मुलांना त्या रेषेवर उभे करून सोडावे व समाप्तीच्या रेषेवर चौथी फेरी पूर्ण होताच वेळ थांबवावी. शाळेची फेरी 200 मीटरची असल्यास रेषा तीच राहते, फेऱ्या आठ होतात. अशा वेळी प्रत्येक मुलामागे फेऱ्या मोजणारा एकेक जोडीदार बसवावा, कारण पाचव्या-सहाव्या फेरीत धावणारा आणि शिक्षक या दोघांचाही हिशेब हमखास चुकतो.